आठवण हरवलेल्यांचे घर

वय झाले म्हणजे माणूस थोडेफार विसरतो. पानाची चंची कुठे ठेवली ते आठवत नाही. नातवाला हाक मारायची असते, तर आधी दोन्ही लेकांची नावे तोंडात येतात. मग नातवाचे नाव सापडते. यात काळजीचे काही नाही. डोळे मंदावतात, गुडघे दुखतात, तशी आठवणही जराशी मंदावते.

पण कधी कधी वेगळेच घडते. चंची मांडीवर असते, अडकित्ता हातात असतो आणि आजोबा विचारतात, "हे काय हाय? ह्याचं काय करत्यात?" जिने जन्मभर भाकरी थापल्या ती बाई परातीपुढे नुसती बसून राहते. पीठ आधी की पाणी आधी, हे तिला उमगत नाही. रोजच्या गल्लीत माणूस वाट चुकतो. आत्ता जेवून उठलेली आजी दारात बसून सांगते, "सकाळपासून मला कुणी तुकडा दिला नाही." शेजारीण ते ऐकते. गावात बोलणे सुरू होते. सून बिचारी फुकटची बदनाम होते.

आजी खोटे बोलत नाही. सूनही वाईट नाही. आजीला आजार झालेला आहे. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात. मराठीत त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. स्मृती म्हणजे आठवण. भ्रंश म्हणजे ढळणे.

आपल्याकडे एक म्हण आहे : साठी बुद्धी नाठी. ही म्हण खरी नाही. देशभरातल्या वयस्कर माणसांची तपासणी करून २०२३ साली आकडे सांगण्यात आले. साठीच्या पुढच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना हा आजार असतो. म्हणजे उरलेल्या त्र्याण्णवांना तो नसतो. पण देश मोठा आहे. शंभरांत सात धरले, तरी साऱ्या भारतात अशी सुमारे ८८ लाख माणसे होतात. शहरापेक्षा खेड्यांत त्यांचे प्रमाण जास्त आहे. पुरुषांपेक्षा बायांत जास्त आहे. तेव्हा ही गोष्ट आपल्या दाराशी आलेली आहे.

मेंदूत काय बिघडते?

जर्मनी देशातली गोष्ट. १९०१ साली तिथल्या एका इस्पितळात पन्नाशीची एक बाई आली. तिला काही आठवेना. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर तेही नीट लिहिता येईना. अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी तिला तपासले. १९०६ साली ती बाई वारली. डॉक्टरांनी तिच्या मेंदूचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहिले. मेंदूत जागोजागी गाळ साचल्यासारखे ठिपके दिसले. बारीक तंतूंचा गुंता झालेला दिसला. पुढे या आजाराला अल्झायमरचा आजार म्हणू लागले. स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांत याचेच रोगी अधिक असतात.

मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्या, तरीही आठवण जाते. रक्तदाब, साखर, तंबाखू, विडी यांमुळे हे होते.

आपली आठवण विहिरीसारखी आहे, असे समजा. या आजारात नवे पाणी येण्याचे झरे आधी बुजतात. जुने साचलेले पाणी तसेच राहते. म्हणून सकाळी काय खाल्ले ते आजीला सांगता येत नाही. पण १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट काढा. खडी फोडायला कुठे जात होतो, सुकडी कशी मिळायची, लाल मिलोची भाकरी कशी लागायची, हे ती सगळे सांगते. घरचे म्हणतात, "हे बरं आठवतं! म्हातारी सोंग करते." ते सोंग नव्हे. आजाराची रीतच तशी आहे. पुढे पुढे जुने पाणीही खाली जाते. मग लेकाचे तोंड ओळखू येत नाही. शेवटी गिळणे आणि चालणेही अवघड होते. याला पुष्कळ वर्षे लागतात.

देवदेवस्की आणि भानामतीचा यात काही संबंध नाही. मांत्रिकाकडे पैसा घालवू नका. आधी डॉक्टरला दाखवा. कारण असे की, विसरणे दर वेळी याच आजाराचे नसते. थायरॉईडच्या विकाराने आठवण मंदावते. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडले, तरी मंदावते. मन फार खचले, डोक्याला मार लागून आत रक्त साकळले, चुकीची औषधे पोटात गेली, तरीही तसे होते. यांवर इलाज आहे. वेळेवर दाखवले, तर माणूस सुधारू शकतो. माणूस एक-दोन दिवसांतच एकाएकी भ्रमिष्टासारखा बोलू लागला, तर एक दिवसही थांबू नका. ताप, लघवीचा विकार किंवा डोक्यातला रक्तस्राव असू शकतो.

खऱ्या स्मृतिभ्रंशाला मुळापासून बरे करणारे औषध अजून नाही. काही गोळ्यांनी काही रोग्यांना काही काळ उपयोग होतो, इतकेच. म्हणून या आजारात औषधापेक्षा सांभाळ मोठा आहे. तो कसा करावा, याचे आता एक शास्त्रच झाले आहे. त्या शास्त्राने चालणारी घरेही निघाली आहेत.

हे घर कसे असते?

वृद्धाश्रम आपल्याला माहीत आहे. तिथे राहणारी माणसे आपले आपण जेवतात, फिरतात, पोथी वाचतात. आठवण गेलेल्या माणसाला तिथे राहणे जमत नाही. मनोरुग्णालय ही जागाही त्याची नव्हे. त्याच्यासाठी वेगळे घर लागते. या घराचा मूळ विचार सोपा आहे : माणूस आता घराप्रमाणे बदलू शकत नाही, तेव्हा घर माणसाप्रमाणे बदलायचे.

चांगल्या घरात हे कसे करतात, ते पाहा. या माणसांना एकसारखे चालत राहावेसे वाटते. म्हणून आत गोल फिरून परत येणारी वाट ठेवतात. माणूस मनसोक्त चालतो. पण हरवत नाही. बाहेरच्या फाटकावर मात्र कोणी तरी लक्ष ठेवतो. संडासाच्या दाराला वेगळा रंग देतात आणि त्यावर चित्र काढतात. अक्षरे विसरली, तरी चित्र कळते. पांढऱ्या ताटात पांढरा भात दिसत नाही. म्हणून ताट रंगीत घेतात. भिंतीला धरून चालायला दांडी बसवतात. रात्री मंद दिवा ठेवतात. अंधारात सावली दिसली, तर माणूस चोर आला म्हणून ओरडतो.

उठणे, न्हाणे, जेवणे, निजणे रोज ठरल्या वेळी होते. सांभाळणारी माणसे होता होईल तो बदलत नाहीत. घरात माणूस आला की, त्याची सगळी माहिती विचारून लिहून ठेवतात. काय काम केले? चहा कसा लागतो? कोणता देव पुजतो? कशाची भीती वाटते? मग शेतकऱ्याला वाफ्यात पाणी द्यायला सांगतात. शिंपीकाम केलेल्याला कापडाच्या घड्या घालायला देतात. काम बिघडले, तरी कोणी रागावत नाही. भजन म्हणतात. बोलणे बंद झालेला माणूसही कधी कधी जुन्या भजनाला ओठ हलवतो.

तिथल्या सेवकांना सर्वांत आधी एक गोष्ट शिकवतात : वाद घालू नका.

समजा, दिवे लागायची वेळ आहे. आजी गाठोडे बांधते आणि म्हणते, "मला घरी जायचंय. माय वाट बघत असंल."

सून म्हणते, "आत्याबाई, काहून असं करता? तुमची माय जाऊन चाळीस वर्सं झाली!"

झाले! आजीला वाटते, आई आत्ताच गेली. ती ऊर बडवून रडते. उद्या पुन्हा विचारते. पुन्हा तेच ऐकते. पुन्हा तितकेच रडते.

आता दुसरी रीत पाहा.

"जाऊ की, आत्याबाई. तुमच्या माहेरी भाकरीसंगं काय करायची तुमची माय?"

"अंबाडीची भाजी. लई गोड हात व्हता तिचा."

"मग तोवर बसा. ही मेथी निवडू लागा मला."

आजी बसते. मेथी निवडते. गाठोडे विसरते. यात खोटे काही बोलायचे नसते. आजीला आईची आठवण येते, तर त्या आठवणीजवळ आपण बसायचे. एवढेच.

दूरदेशीचे गाव, आपल्याकडची घरे

युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. तिथे वेस्प या गावी २००९ साली या लोकांसाठी एक अख्खी वस्तीच बांधली. तिचे नाव होगेवेक. एकेका घरात सहा-सात जण राहतात. वस्तीत दुकान आहे, बाग आहे, उपाहारगृह आहे, नाटकाची जागा आहे. माणसे हिंडतात आणि दुकानातून वस्तू घेतात. खिशात पैसे नसले, तरी कोणी अडवत नाही. कारण तिथे काम करणाऱ्या सगळ्यांना या आजाराची माहिती असते.

आपल्या देशात १९९२ साली केरळमध्ये डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने या आजारासाठी एक संस्था निघाली. तिच्या शाखा पुढे इतर शहरांत पसरल्या. बंगळूरमध्ये नाइटिंगेल्स या विश्वस्त संस्थेने असे घर उभारले. आपल्या महाराष्ट्रात वसई तालुक्यात राजोडी येथे सिल्व्हर इनिंग्ज या संस्थेने 'स्नेहांजली' हे घर सुरू केले. पुण्यात 'तपस' नावाची संस्था याच कामासाठी निघाली. मुंबई आणि पुण्याच्या आसपास अशी आणखीही घरे आहेत.

पण आपल्याला दोन अडचणी येतात. पहिली अडचण पैशाची. अशा घरात रात्रंदिवस माणसे लागतात. त्यामुळे महिन्याचा खर्च कित्येक हजार रुपये येतो. कोरडवाहू शेतकऱ्याला तो झेपत नाही. दुसरी अडचण अंतराची. परभणीहून पुणे म्हणजे रात्रभराचा प्रवास. भेटायला जाणार किती वेळा?

मग आपण काय करावे?

आपले घरच तसे करावे

गोव्यात एक प्रयोग झाला. तो आपल्याला फार उपयोगाचा आहे. डॉ. अमित डायस आणि त्यांचे सहकारी यांनी तिसवाडी आणि बारदेश या तालुक्यांतली अशी ८१ कुटुंबे घेतली. तिथल्याच साध्या माणसांना या आजाराचे शिक्षण दिले. ती माणसे काही कुटुंबांच्या घरी सहा महिने, पंधरा दिवसांतून एकदा तरी जात होती. आजार समजावून सांगायची. न्हाऊ कसे घालावे, चिडला तर काय करावे, हे दाखवायची. घरच्यांचे म्हणणे ऐकून घ्यायची. २००८ साली या प्रयोगाची हकिकत छापली गेली. आजार काही हटला नव्हता. पण ज्या घरांना ही मदत मिळाली, तिथे सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका झाला होता. मोठी इमारत नव्हती, महाग औषधही नव्हते. होती ती माहिती आणि पाठीवर हात.

तेव्हा आपल्या घरात एवढे तरी करा.

फवारणीचे औषध, उंदराचे औषध, रॉकेल, विळा, कोयता कुलपात ठेवा. ही पहिली गोष्ट. औषधाची बाटली आणि पाण्याची बाटली यांतला फरक या माणसाला कळत नाही. विहिरीला कठडा किंवा जाळी करा. गॅसची टाकी वरून बंद ठेवा. गोळ्या आपल्या हाताने द्या.

अंगणात चालायला वाट मोकळी ठेवा. न्हाणीत ओल राहू देऊ नका. फरशी घसरडी असेल, तर खरखरीत पोते अंथरा. संडासाच्या वाटेवर रात्री दिवा ठेवा.

सदऱ्याच्या किंवा चोळीच्या आत कापडाची चिठ्ठी शिवा. तिच्यावर गावाचे नाव आणि फोन लिहा. परभणीच्या उरसात, गंगाखेडच्या गर्दीत किंवा एस.टी. स्टँडवर माणूस हरवला, तर ही चिठ्ठी त्याला घरी आणते.

शेजाऱ्यांना, किराणा दुकानदाराला आणि एस.टी. थांब्यावरच्या माणसांना आजार सांगून ठेवा. लपवू नका. नेदरलँड्सच्या लोकांना पैसे खर्चून गाव बांधावे लागले. आपल्याकडे गाव आहेच. पार आहे, देऊळ आहे, ओळखीची माणसे आहेत. कमी आहे ती माहिती. आजोबा वेशीबाहेर निघालेले दिसले, तर पोरांनी हसायचे नाही. कोणी तरी हाताला धरून म्हणायचे, "आबा, चला, चहा घेऊ." एवढे झाले, तरी एक जीव वाचतो.

सगळ्यात मोठी गोष्ट सांभाळणाऱ्याची. बहुतेक घरांत हे काम एकट्या सुनेवर किंवा म्हाताऱ्या बायकोवर पडते. दिवसभर शेत, रात्रभर जागरण. मग तिची चिडचिड होते, कधी हातही उगारला जातो. दोष तिचा नव्हे, वाटणीचा आहे. शेताची वाटणी होते, तशी सांभाळाचीही वाटणी करा. एक रात्र एका लेकाने जागावे. लेकींनी आठ-पंधरा दिवस येऊन राहावे. पुण्याला गेलेल्या भावाने नुसते फोनवरून शहाणपण सांगू नये. पैसे पाठवावेत आणि सुट्टी काढून यावे.

घर पुरे पडत नसेल तर?

काही वेळा सगळे करूनही पुरे पडत नाही. घरात एकच माणूस सांभाळणारे असते आणि तेही आजारी पडते. रोगी रोज रात्री बाहेर पळतो किंवा अंगावर धावून येतो. अशा वेळी काही घरांत त्याला खोलीत कोंडतात किंवा साखळीने बांधतात. हे करू नका. मानसिक आजाऱ्याला साखळदंडाने बांधायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. बांधलेला माणूस आणखी बिथरतो, हेही ध्यानात ठेवा.

त्यापेक्षा चांगल्या घरात ठेवणे बरे. लोक म्हणतील, "आईला टाकली." म्हणू द्यात. टाकणे म्हणजे न विचारणे. जो भेटायला जातो, खर्च देतो, चौकशी करतो, त्याने आईला टाकलेले नाही. पण वृद्धाश्रमाच्या किंवा देवळाच्या दारात सोडून पळून येणे हा गुन्हा आहे. २००७ च्या कायद्याप्रमाणे त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

घर निवडताना पाहून निवडा. न सांगता जा. संडासाचा वास येतो का? माणसे बांधलेली आहेत का? सगळी भर दिवसा झोपलेली आहेत का? तसे असेल, तर गुंगीच्या गोळ्या देत असतील. रात्री किती माणसे जागी असतात? डॉक्टर केव्हा येतात? आम्ही कधीही भेटायला येऊ का? या शेवटच्या प्रश्नाला जे घर "नाही" म्हणते, तिथे ठेवू नका.

कागदाची एक गोष्ट

आजार नवा असतो, तेव्हा माणसाला व्यवहार कळतो. त्याच वेळी डॉक्टरला दाखवा आणि सातबारा, बँकेचे खाते, वारस यांची कामे त्याला विचारून नीट करून घ्या. आजार वाढल्यावर कोणी गोड बोलून कागदावर अंगठा घेतो. ज्याला व्यवहार कळत नाही, त्याने केलेला करार कायद्याने टिकत नाही. पण तोवर कोर्टाच्या खेपा होतात आणि भावाभावांत वैर येते. परक्यापासून सावध राहा. आपल्या स्वतःच्या मोहापासूनही सावध राहा.

कुठे विचारावे?

आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आशाताईंना सांगा. तिथून परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसिक आजारांच्या डॉक्टरांकडे जाता येते. फोनवरूनही विचारता येते. वयस्कर माणसांच्या मदतीसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा क्रमांक आहे. दोन्ही फोनना पैसे पडत नाहीत. सांभाळणारी सून स्वतः खचली असेल, तर तिनेही १४४१६ वर बोलावे.

हा आजार पुष्कळदा लांबवताही येतो. रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवा. तंबाखू, विडी, दारू सोडा. ऐकू कमी येत असेल, तर कानाचे यंत्र घ्या. एकलकोंडे राहू नका. आणि शिकत राहा. थोर वयात अक्षर ओळखणे, वाचणे, लिहिणे ही मेंदूची मशागत आहे. हे पान तुम्ही वाचता आहात, म्हणजे तेवढी मशागत झाली.

आता हेच पान घरातल्या दुसऱ्या माणसाला वाचून दाखवा. गावात एखादी आजी वाट चुकत असेल, तर तिच्या सुनेला आधी वाचून दाखवा. तिला गावाने पुष्कळ बोल लावलेले असतील. तिची चूक नाही, हे तिला कोणी तरी सांगितले पाहिजे.